टेकापोच्या काठावर दोघांची मोटरहोम

न्यूझीलंडला जायचं, मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने घ्यायची आणि पंधरवड्यात दोन्ही बेटं उरकायची, असा बेत कुणी माझ्यापुढे मांडला की मी पेन घेऊन त्यातली निम्मी नावं खोडते. गाडीला चाकं आहेत म्हणून रोज हलायलाच पाहिजे असं थोडंच आहे? दोघंच जाणार असाल तर एक तळं धरा, मी म्हणेन टेकापो, काठावरच्या हॉलिडे पार्कमध्ये (अशा गाड्या लावून राहायच्या आवारात) सलग तीन रात्रींची जागा घ्या आणि तिथेच बूड टेकवा. पहिली रात्र वायरी, नळ्या आणि कुठलं कपाट कसं उघडतं यातच जाते. दुसऱ्या दिवशी तळ्याकडे लक्ष जातं. तिसरी रात्र ढगांसाठी हातात असावी, कारण टेकापोला आकाश बघायलाच जायचं असतं आणि ते कधी मोकळं होईल हे आपल्या हातात नसतं.

टेकापो साउथ आयलंडच्या पोटात, मॅकेन्झी नावाच्या उंच, कोरड्या खोऱ्यात आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७१० मीटर. ख्राइस्टचर्चहून जेराल्डीन, फेअरली, बर्क्स पास या वाटेने साधारण २२५ किलोमीटर. नकाशा तीन तास दाखवतो, मोटरहोमला चार धरा. पाण्याचा रंग फोटोत बघून लोक म्हणतात, हा काहीतरी कॉम्प्युटरवर केलेला प्रकार असणार. तसं नाही. वरच्या हिमनद्या खडक दळतात, त्याचं पीठ नद्यांमधून तळ्यात उतरतं. ते इतकं बारीक असतं की लवकर तळाशी बसत नाही, आणि त्याच्यावर ऊन विखुरलं की तो निळा रंग दिसतो. म्हणूनच ढगाळ दिवशी तेच तळं करडं, दुधट दिसतं. हिरमुसू नका, ऊन येऊ द्या.

कधी जावं? डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीभर तिथल्या शाळांना सुट्टी असते, काठाच्या जागा कधीच्या भरलेल्या असतात. ल्युपिनची जांभळी-गुलाबी फुलं हवी असतील तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबर. (फुलं सुंदर आहेत, पण तिथे ते तण मानतात. बी वेचून आणू नका आणि कुठे टाकूही नका.) मला विचाराल तर मार्च किंवा एप्रिल. गर्दी ओसरलेली, दिवस पुरेसा मोठा, आणि एप्रिलमध्ये त्या भागातली झाडं पिवळीधमक झालेली असतात. रात्री मात्र चांगलंच गारठतं, कानटोपी असू द्या. आणि तिकिटं काढण्याआधी घरचं कॅलेंडर उघडून अमावास्या बघा. पौर्णिमेला टेकापोला जाऊन तारे शोधण्यात अर्थ नाही.

गाडी घेताना

दोघांना दोन माणसांचीच गाडी पुरते. आत उभं राहता येईल एवढी उंची आणि गाडीतच पक्का बसवलेला संडास, या दोन गोष्टींवर तडजोड नको. २०२३ मध्ये तिथला कायदा बदलला. पार्कबाहेर, पालिकेने परवानगी दिलेल्या मोकळ्या जागी गाडीत झोपायचं तर गाडीला ‘सेल्फ-कंटेन्ड’ (पाणी-संडासाची सोय गाडीतच असल्याचं) प्रमाणपत्र लागतं, आणि पक्का बसवलेला संडास असल्याशिवाय ते मिळत नाही. प्रमाणपत्र नसताना थांबलात तर चारशे न्यूझीलंड डॉलरचा दंड बसू शकतो. तुम्ही पार्कमध्येच राहणार असलात तरी रात्री दोनच्या थंडीत सार्वजनिक संडासापर्यंत चालत जायचं की चार पावलांवर जायचं, याचा विचार आपल्या वयाने करावा.

आपल्याकडचं इंग्रजीत छापलेलं लायसन्स पर्यटकाला तिथे चालतं. मूळ कार्ड जवळ ठेवा. गाडी डावीकडूनच चालवायची, त्यामुळे आपल्याला सोपं. दोघांचीही नावं चालक म्हणून करारात घाला. आमच्याकडे गाडी मी चालवते आणि हे बाकीचं बघतात, पण कुणाची पाठ धरली तर दुसरा तयार हवा. करार वाचताना दोन कलमं शोधा. एक, कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला मनाई असते, पार्कपर्यंतच्या थोड्या तुकड्याला काही ठिकाणी सूट असते. दोन, छपराला आणि गाडीच्या पोटाला झालेलं नुकसान साध्या विम्यात बहुतेक वेळा धरत नाहीत. गाडीची उंची कागदावर लिहून काचेला चिकटवा. पेट्रोल पंपाचं छत आणि झाडाच्या फांद्या त्या आकड्यानेच ओळखायच्या. डिझेलच्या गाडीवर किलोमीटरमागे रस्ता-कर वेगळा लागतो, तो गाडी परत देताना बिलात येतो, तेव्हा दचकू नका.

गाडी ताब्यात देताना तिथला मुलगा किंवा मुलगी सगळं भराभर दाखवते. फोनवर त्याचं चित्रीकरण करा. पाण्याच्या पंपाचा खटका, गॅसची तोटी, हीटर, संडासाची कॅसेट (मैला साठण्याची पेटी), पलंग कसा जोडायचा, सगळं. संध्याकाळी थकून पोहोचल्यावर पलंगाची ती शेवटची फळी कशी बसते हे दोघांपैकी कुणालाच आठवत नसतं.

किराणा

इथून बांधून न्यायचा मोह आवरा. न्यूझीलंडचे विमानतळावरचे जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. मध, ताजी फळं-भाज्या, कढीपत्ता, पेरण्याजोगं बी यातलं काही नेऊ नका. जे काही खाण्याचं जवळ असेल, अगदी मेतकुटाची पुडीसुद्धा, ते फॉर्मवर जाहीर करा. जाहीर केलं तर फार तर काढून घेतील. लपवलं तर चारशे डॉलर जागेवर. ख्राइस्टचर्चला भारतीय किराण्याची दुकानं आहेत. तिथे मूगडाळ, पोहे, रवा, हिंग, बेसन, लोणचं सगळं मिळतं. टेकापोला छोटं सुपरमार्केट आहे, दूध, ब्रेड, अंडी, भाजीपुरतं ठीक, पण मोठ्या शहरापेक्षा महाग. भरायचं ते ख्राइस्टचर्चलाच भरा. तूप मोठं घेऊ नका, तिथलं लोणी चांगलं असतं, त्यावर भागवा.

वाटेत

मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर, आणि ३५०० किलोपेक्षा जड गाडीला ९०. पण ती मर्यादा आहे, सक्ती नव्हे. मागे गाड्यांची रांग लागली की डावीकडे मोकळी जागा बघून थांबायचं आणि त्यांना पुढे जाऊ द्यायचं. ते हात करून जातात, छान वाटतं. एकेरी पुलांवर पाटी बघा. आपल्या दिशेचा बाण लाल आणि लहान असेल तर आपण थांबायचं. फेअरलीला पाय मोकळे करा. तिथले पाय प्रसिद्ध आहेत, म्हणजे मैद्याच्या पारीतले, आत मांस किंवा भाजी भरलेले. शाकाहारीही मिळतो. बर्क्स पास ओलांडला की झाडी एकदम संपते आणि पिवळ्या गवताचा मोकळा माळ लागतो. इथून वारा सुरू होतो.

गाडी लावणं

इथून पुढे लक्ष देऊन वाचा, कारण भांडणं इथेच होतात.

जागा सहसा दुपारी दोनच्या सुमारास ताब्यात मिळते. उजेड असताना पोहोचा. बुकिंग करताना विजेची जोडणी असलेली जागा मागा आणि काठाजवळची मागा. गाडीचा पलंग मागच्या बाजूला, मोठ्या खिडकीशी असतो, म्हणून जो तो गाडी उलटी घालून मागची बाजू तळ्याकडे करतो. सकाळी डोळे उघडले की समोर पाणी. फार छान. पण मॅकेन्झीत वायव्येचा वारा सुटला की तो तळ्याच्या अंगानेच येतो आणि रात्रभर गाडी मागून हलवतो. हवामानाचा अंदाज पाहा. जोराचा वारा सांगितला असेल तर एका रात्रीपुरतं दृश्य सोडा आणि गाडीचं तोंड वाऱ्याकडे करा. वाऱ्यात दार उघडताना हाताने घट्ट धरून उघडा. बिजागरीसकट वाकलेल्या दाराचे पैसे आपल्याच खिशातून जातात.

गाडी मागे घेताना एक जण खाली उतरून उभा राहतो. आपली पद्धत म्हणजे गाडीच्या मागच्या अंगावर थापा मारत ‘येऊ दे, येऊ दे, येऊ दे… बास!’ त्यातलं ‘बास’ चालकाला ऐकू येत नाही. खाणाखुणा आधी ठरवा. दोन्ही हात वर म्हणजे थांब. आणि खाली उभा राहिलेला माणूस आरशात दिसत नसेल तर गाडी जागची हलवायची नाही, एवढा एक नियम पाळा.

जमीन सपाट दिसली तरी असेलच असं नाही. तव्यात चमचाभर तेल घाला आणि ओट्यावर ठेवा. ज्या बाजूला तेल धावेल ती बाजू खाली. त्या चाकाखाली गाडीसोबत आलेली प्लास्टिकची पाचर टाकून थोडं वर चढवायचं. डोकं उताराकडे करून झोपलात तर सकाळी कपाळ ठणकतं, आणि काही प्रकारचे फ्रिज गाडी तिरकी असली की नीट गार करत नाहीत.

मी बँकेत होते. तिथे एक जण नोंद करतो आणि दुसरा ती तपासून मंजूर करतो, मेकर आणि चेकर. मोटरहोममध्ये मी हीच पद्धत लावली. वीज हे जोडतात, मी बघते. गॅस मी बंद करते, हे बघतात. कुणी कुणावर विश्वास ठेवायचा नाही, आणि कुणी रागवायचं नाही.

वीज, पाणी आणि तिसरी गोष्ट

विजेची निळ्या टोपणाची जाड वायर गाडीसोबत येते. आधी गाडीच्या बाजूला जोडा, मग पार्कच्या खांबाला, मग खांबावरचा खटका वर करा. निघताना उलट क्रमाने. वायर पूर्ण उलगडून टाका. गुंडाळी तशीच ठेवून हीटर लावला तर ती तापते. वीज जोडलेली नसताना दिवे, पंप आणि बहुतेक गाड्यांत फ्रिज आतल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, पण मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले प्लग चालत नाहीत. जोडल्यावर सगळं चालतं, एकदम मात्र नाही. खांबाला १६ अँपिअरची मर्यादा धरली तर साधारण ३६०० वॉट झाले. किटली दोन हजार खाते, विजेचा हीटर तेवढाच. दोन्ही एकदम लावलेत की अंधार. म्हणून सकाळी चहा होईपर्यंत हीटर बंद. आमच्याकडे या आदेशाची अंमलबजावणी गोधडीतून होते.

पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी असते, तिच्यावर ‘ड्रिंकिंग’ असं लिहिलेलं असतं. ती कधीही संडासाच्या जागेजवळच्या नळाला लावायची नाही आणि डब्यात ठेवताना दुसऱ्या नळीला चिकटवायची नाही. टाकी भरली की झाकण घट्ट लावून किल्ली खिशात. भांड्यांचं पाणी वेगळ्या टाकीत साठतं, ते गवतावर सोडायचं नाही. भात चाळणीतून निथळून भांडी धुवा, शितं टाकीत गेली की तिसऱ्या दिवशी वास सुटतो.

आता कॅसेट. संडासाच्या खाली १७-१८ लिटरची एक पेटी असते. गाडीच्या बाहेरच्या छोट्या दारातून ती ओढून काढतात. भरलेली पेटी तेवढ्याच किलोची होते, म्हणून पूर्ण भरायची वाटच बघू नका, रोज सकाळी न्या. हातमोजे घाला. पार्कमध्ये ‘डंप स्टेशन’ अशी पाटी असते. पेटीला एक वळणारी तोटी असते, ती बाहेरच्या बाजूला वळवा, टोपण काढा, आणि ओतताना वरचं हवेचं बटण अंगठ्याने दाबून धरा. ते बटण दाबलं की सगळं शांतपणे, एका धारेत जातं. नाही दाबलं तर गटगट करत उसळतं आणि पायांवर येतं. दोनदा पाण्याने खळखळवा, संडासाच्या औषधाची मात्रा टाका, थोडं पाणी घाला, बसवा. या सगळ्याला पाच मिनिटं लागतात. आपल्याकडे या कामाभोवती जे काही मनात असतं, ते तिथे पहिल्याच सकाळी गळून पडतं. रांगेत पुढे एखादे गृहस्थ झकपक कोट घालून तीच पेटी हातात धरून उभे असतात आणि हवापाण्याच्या गप्पा मारतात. आमच्याकडे हे काम पाळीपाळीने आहे, आणि पाळी बदलून घेण्याची किंमत म्हणजे संध्याकाळची सगळी भांडी.

स्वयंपाक

गाडीतल्या शेगडीवर चहा, पोहे, अंडी, मऊभात बिनधास्त करा. खिडकी किलकिली ठेवा आणि वरची झडप उघडा. फोडणी मात्र आत नको. मोहरी तडतडली, मिरची पडली की ठसका लागतो तो लागतोच, वर धुराची घंटा किंचाळायला लागते आणि अख्खा पार्क मान वळवतो. शिवाय पलंग, पांघरुणं, कोट सगळं त्याच खोलीत. हिंगाचा वास मग पुढच्या गावापर्यंत सोबत येतो. पार्कला सामायिक स्वयंपाकघर असतं, तिथे मोठ्या शेगड्या, सिंक, फ्रिज सगळं असतं. पिठलं तिथे घाटा. आपलं झाल्यावर ओटा पुसायचा, भांडी लगेच विसळायची. तेलकट कढई ‘नंतर घासते’ म्हणून सिंकमध्ये ठेवून येणं तिथे फार वाईट दिसतं. एक छोटा कुकर मात्र ख्राइस्टचर्चला मिळाला तर घ्याच, शिट्टीला लोक दचकतात, मग विचारायला येतात, आणि खिचडी चाखून जातात.

रात्री दोघांच्या श्वासाने काचा आतून ओल्या होतात. सकाळी पडदे सरकवण्याआधी जुन्या पंच्याने पुसून घ्या, नाहीतर उशा भिजतात.

रात्र

हा सगळा परिसर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय’ (अंधाऱ्या आकाशाचं) राखीव क्षेत्र आहे. त्याच्याही कितीतरी आधी, १९८० च्या दशकापासून तिथे बाहेरच्या दिव्यांवर निर्बंध आहेत, कारण गावाशेजारच्या माउंट जॉनवर कँटरबरी विद्यापीठाची वेधशाळा आहे. तुम्हीही अंधार पाळा. गाडीचे पडदे लावा, विजेरीवर लाल जिलेटिन किंवा लाल पिशवी बांधा, फोन खिशात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात आणि एका फ्लॅशने ती मोडते. मार्चमध्ये साडेनऊ-दहाला पुरेसा अंधार होतो. डिसेंबरात मात्र साडेअकरापर्यंत ताटकळावं लागतं.

पैसे भरून केलेली वेधशाळेची सहल चांगली असते, पण आपल्याला निम्मं आकाश आधीच ठाऊक असतं. मार्चमध्ये दहाच्या सुमारास वायव्येकडे बघा. मृग नक्षत्र आहे, पण उलटं टांगलेलं, आणि व्याध त्याच्या वर. अगस्ती पुण्याहून क्षितिजाच्या जेमतेम १९ अंश वर येतो, इमारतींमधून तो दिसणं मुश्कील. इथे तो जवळजवळ डोक्यावर असतो. दक्षिणेकडे त्रिशंकू, आणि त्याच्याकडे बोट दाखवणारे मित्र आणि मित्रक. टेकापोहून त्रिशंकू कधी मावळतच नाही. आणि दोन पुसट पांढरे ठिपके ढगासारखे जागच्या जागी राहिले तर ते ढग नव्हेत, मॅगेलनचे मेघ, आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिका. महाराष्ट्रातून ते दिसण्याची आशा नाही. दोन घडीच्या खुर्च्या, दोन गोधड्या, थर्मासमध्ये आल्याचा चहा. दहानंतर पार्कमध्ये शांतता पाळायची असते, तेव्हा कुजबुजत बोला.

दिवसा

फार काही ठरवू नका. काठाने चालत गेलात तर १९३५ चं दगडी चर्च ऑफ द गुड शेफर्ड लागतं. वेदीमागे भिंतीऐवजी खिडकी आहे, तिच्यातून तळं आणि डोंगर. आत फोटो काढायला बंदी आहे, त्यामुळे आत जाऊन निवांत बसता येतं. गर्दीच्या बस दहा ते चार येतात, तुम्ही काठावरच राहता, तेव्हा सकाळी लवकर जा. जवळच मेंढपाळांच्या कुत्र्याचा पुतळा आहे. पाण्यात पाय घाला, पोहण्याची मात्र घाई नको, ते हिमनदीचं पाणी आहे. गरम पाण्यात बसायचं असेल तर माउंट जॉनच्या पायथ्याशी टेकापो स्प्रिंग्ज आहे. तिथूनच वर जायची पाऊलवाट सुरू होते. सावकाश चढा, वर कॉफी मिळते. टोपी आणि सनस्क्रीन हवंच, तिथलं ऊन गार वाऱ्यात जाणवत नाही आणि तासाभरात कातडी सोलते.

एका दिवशी गाडी काढून पुकाकी तळ्यापर्यंत जाऊन यावं. निरभ्र असेल तर समोर आओराकी, म्हणजे माउंट कुक, ३७२४ मीटर. काठावर त्याच भागातल्या कालव्यांत वाढवलेला सामन मासा विकत मिळतो. मासे खाणाऱ्यांनी न्यावा आणि रात्री सामायिक स्वयंपाकघरात हळद-मीठ-तिखट लावून तळावा. जागा आपलीच राहावी म्हणून निघताना एक खुर्ची मागे ठेवून जा. आणि एका तळ्यातून दुसऱ्याकडे जाताना ओले बूट, टॉवेल, बोटीचं सामान धुऊन वाळवा. साउथ आयलंडच्या नद्यांत २००४ मध्ये डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं, ते थेंबाथेंबातून पसरतं, म्हणून जागोजागी ‘चेक, क्लीन, ड्राय’ असे फलक आहेत.

निघताना

जागा बहुतेक ठिकाणी सकाळी दहाला सोडायची असते. आठलाच सुरुवात करा. कॅसेट, वापरलेलं पाणी, ताजं पाणी, या क्रमाने. मग मेकर-चेकर. छताची झडप बंद? गॅस बंद? वायर काढली? पायरी आत? पाचर उचलली? फ्रिजचं आणि कपाटांचं कडी-कुलूप लागलं? एकाने मोठ्याने विचारायचं, दुसऱ्याने हात लावून ‘हो’ म्हणायचं. नुसतं बघून ‘हो’ म्हटलेलं चालत नाही, कारण पहिल्या वळणावर लोणच्याची बरणी कपाटातून बाहेर येते ती याच ‘हो’मुळे. शेवटी गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारायची, दोघांनी विरुद्ध दिशांनी. मग ख्राइस्टचर्चकडे. डिझेल गाडी परत द्यायच्या डेपोजवळच्या पंपावर पूर्ण भरा, पावती जपा, आणि कॅसेट पुन्हा एकदा रिकामी करून द्या, नाहीतर साफसफाईचे पैसे वेगळे लावतात. जेराल्डीनला सार्वजनिक डंप स्टेशन आहे, पाळी कुणाची आहे ते तिथे पोहोचण्याआधीच ठरवून घ्या.